थायरॉईडचा अहवाल कसा वाचावा

(चुडावा, ता. पूर्णा, जि. परभणी येथे रुग्ण, नातेवाईक व देणगीदार यांच्या स्नेहमेळाव्यात रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बाह्यरुग्ण विभागात हाती कागद घेऊन येणाऱ्या व्यक्तीचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो. ‘डॉक्टर, थायरॉईड निघाला का?’ वास्तविक थायरॉईड म्हणजे अवटू ग्रंथी. ती प्रत्येकाच्याच गळ्यात असते, ‘निघत’ नाही. गळ्याच्या पुढील भागी, श्वासनलिकेला बिलगून, फुलपाखराच्या आकाराची ही लहानशी ग्रंथी आहे. प्रश्न असतो तो तिच्या कामाचा. ती मंदावली आहे, अतिरेकी झाली आहे की नेमस्त चालली आहे, एवढेच त्या कागदावरून पाहावयाचे असते. परंतु ‘मला थायरॉईड आहे’ हा शब्दप्रयोग आता इतका रुळला आहे की त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. आज आपण तो कागदच समोर ठेवून बोलू.

कागदावर साधारणतः तीन ओळी असतात. टी-३, टी-४ आणि टीएसएच. यांपैकी पहिली दोन संप्रेरके अवटू ग्रंथी स्वतः तयार करते. ती रक्तावाटे सर्व शरीरभर जातात आणि प्रत्येक अवयवाच्या कामाचा वेग ठरवितात. तिसरे, म्हणजे टीएसएच, हे गळ्यात तयारच होत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी ते पाठविते, आणि ‘काम कर’ असा निरोप अवटू ग्रंथीला देते. लोकांचा गोंधळ उडतो तो नेमका याच ओळीपाशी. टीएसएच वाढलेले दिसले की ‘थायरॉईड वाढला’ असे घरी सांगितले जाते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ बहुतेक वेळा उलट असतो.

औताचे उदाहरण घ्या. बैल चांगल्या चालीने चालत असला तर औत हाकणाऱ्याला मधूनमधून एखादी हाक पुरते. बैल रेंगाळू लागला की हाक वाढते. तो थांबलाच तर शेतभर आरोळी ऐकू जाते. आणि बैल उधळला तर हाकणारा हाक मारीतच नाही, गप्प राहून कासरा ओढतो. अवटू ग्रंथी हा बैल आणि टीएसएच ही हाक. हाक मोठी, म्हणजे बैल मंद. टीएसएच वाढलेले आणि टी-४ कमी असेल तर ती अवटू मंदता. टीएसएच जवळजवळ नाहीसे आणि टी-३, टी-४ वाढलेले असतील तर ग्रंथीचे काम अतिरेकी झालेले आहे. वजन घटणे, छाती धडधडणे, हात थरथरणे, घाम सुटणे ही लक्षणे त्या बाजूची होत. थकवा, थंडी सहन न होणे, मलावरोध, आवाज घोगरा होणे, पाळीत रक्तस्राव अधिक होणे ही मंदतेची. मात्र थकवा रक्तक्षयातही येतो आणि उन्हातान्हात दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईला तो कोणताही आजार नसताना येतो. केवळ लक्षणांवरून निदान करू नये, आणि केवळ कागदावरूनही करू नये.

आता आकड्यांविषयी. प्रौढांमध्ये टीएसएचची सर्वसामान्य मर्यादा साधारण ०.४ ते ४ च्या आसपास छापलेली असते. प्रयोगशाळेनुसार ती थोडी बदलते, म्हणून आपल्याच कागदावर शेजारी छापलेली मर्यादा पाहावी. ही मर्यादा ठरविताना निरोगी माणसांचे रक्त तपासून मधली ९५ टक्के माणसे आत घेतात. याचा अर्थ असा की वीस निरोगी माणसांत साधारणतः एकाचा आकडा मर्यादेबाहेर जाणारच. ठळक अक्षरात छापलेला आकडा म्हणजे आजाराचा दाखला नव्हे.

दुसरी गोष्ट. टीएसएचचा आकडा सरळ प्रमाणात चढत नाही. टी-४ निम्म्यावर आले तर टीएसएच दुप्पट न होता पुष्कळ पटींनी, कधी शंभर पटींपर्यंतही, वाढते. म्हणूनच टीएसएच ६० असलेला रुग्ण हा ६ असलेल्यापेक्षा दहापट आजारी असतो असे नाही. आणि गोळी सुरू केल्यावर ६० चे २० झाले म्हणून ‘अजून पाचपट आहे’ असे म्हणून रडावयाचेही कारण नाही. वाट बरोबर आहे एवढेच त्यातून समजावे.

तिसरी गोष्ट एककांची. ही वरवर क्षुल्लक वाटते, पण तिने घरेच्या घरे घाबरलेली मी पाहिली आहेत. एका प्रयोगशाळेत टी-४ हे मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर या एककात देतात, तर दुसरीत नॅनोमोल प्रति लिटर या एककात. पहिल्या पद्धतीने जे ८ येते तेच दुसऱ्या पद्धतीने साधारण १०३ येते. रक्त तेच, माणूस तोच. गेल्या वर्षी पूर्णेला तपासले तेव्हा आठ होते आणि यंदा नांदेडला एकशे तीन झाले, असे म्हणत कोणी धावत आले तर प्रथम आकड्याच्या उजवीकडील एकक वाचावे. टी-३ चेही तसेच, १२० आणि १.२ हे एकाच प्रमाणाचे दोन पोशाख असू शकतात. टीएसएचच्या बाबतीत मात्र मायक्रो युनिट प्रति मिलिलिटर आणि मिलि युनिट प्रति लिटर ही दोन्ही एकच आहेत, तेथे काही फरक पडत नाही.

रक्तातील टी-४ चा फार मोठा भाग प्रथिनांना चिकटलेला असतो. प्रत्यक्ष कामास येतो तो मोकळा अंश. त्यालाच फ्री टी-४ म्हणतात. गरोदरपणात आणि काही गर्भनिरोधक गोळ्यांमुळे ही प्रथिने वाढतात, म्हणून एकूण टी-४ चा आकडा फुगलेला दिसतो, परंतु मोकळा अंश तसाच असतो. यासाठी सामान्यतः टीएसएच आणि फ्री टी-४ या दोनच तपासण्या पुरेशा होतात. अवटू मंदतेच्या संशयात टी-३ ची तपासणी फारशी उपयोगी नाही, कारण ते सर्वांत शेवटी कमी होते. दहा-बारा तपासण्यांच्या महागड्या संचातून यापेक्षा अधिक शहाणपण मिळते असा माझा अनुभव नाही.

ही तपासणी इतकी सोपी कशी झाली, हेही देणगीदारांनी जाणून घेण्यासारखे आहे. रक्तातील संप्रेरक इतके अत्यल्प असते की शंभर वर्षांपूर्वी ते मोजण्याचे साधनच नव्हते. न्यूयॉर्कमधील रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९६० च्या सुमारास किरणोत्सारी द्रव्याच्या साहाय्याने असे अत्यल्प पदार्थ मोजण्याची पद्धत सिद्ध केली. त्याबद्दल यॅलो यांना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन तोवर हयात नव्हते. आपल्याकडे मुंबईत परळ येथे अणुऊर्जा विभागाचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ साली सुरू झाले आणि थायरॉईडच्या रुग्णांचा तो एक मोठा आधार बनला. पुढे किरणोत्साराशिवाय चालणारी स्वयंचलित यंत्रे आली, आणि जे एके काळी केवळ मोठ्या शहरांत होत असे ते तालुक्याच्या गावी होऊ लागले.

तपासणी सुलभ झाली की रुग्णही वाढलेले दिसतात. मुंबई व गोवा यांसह देशातील आठ शहरांत ५,३७६ प्रौढांची पाहणी होऊन ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीत जवळजवळ ११ टक्के व्यक्तींमध्ये अवटू मंदता आढळली. हा आकडा ऐकून धक्का बसतो. परंतु त्यांतील बहुसंख्य, म्हणजे सुमारे ८ टक्के, सौम्य स्वरूपाचे होते. टीएसएच किंचित वाढलेले, पण फ्री टी-४ अगदी व्यवस्थित. औताच्या भाषेत बोलायचे तर हाक थोडी वाढली आहे, पण नांगरट पूर्ण होत आहे.

अशा सौम्य अवस्थेत काय करावे, हा आज बाह्यरुग्ण विभागातील सर्वांत वारंवार येणारा प्रश्न आहे. टीएसएच १० च्या वर असेल तर आम्ही सामान्यतः औषध देतो. साडेचार ते दहा यांच्या दरम्यान असेल तर घाई करू नये. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. पुष्कळांचा आकडा आपोआप खाली आलेला असतो. नुकताच होऊन गेलेला मोठा ताप, शस्त्रक्रिया किंवा अतिदक्षता विभागातील मुक्काम यांनीही हे आकडे तात्पुरते हलतात. वृद्धांमध्ये टीएसएच थोडे अधिक असणे वयोमानाला धरूनच असते. ६५ वर्षांवरील ७३७ व्यक्तींवर युरोपात झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. सौम्य मंदतेत गोळी दिलेल्यांना आणि नुसती साखरेसारखी निरुपद्रवी गोळी दिलेल्यांना थकव्याच्या बाबतीत काहीच फरक जाणवला नाही. उलट अनावश्यक किंवा अधिक मात्रेने हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि हाडे ठिसूळ होतात. आजोबांच्या ५.८ या आकड्यावर आयुष्यभराची बाटली सुरू करणे म्हणजे उपचार नव्हे.

पण एका अपवादाकडे डोळेझाक करता येणार नाही. गरोदर स्त्री. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाची स्वतःची अवटू ग्रंथी काम करीत नसते. बाळाच्या मेंदूची घडण आईच्या संप्रेरकावर चालते. म्हणून जिला आधीपासून गोळी चालू आहे तिने दिवस राहिल्याचे कळताच गोळी बंद न करता त्वरित तपासणी करावी. या काळात मात्रा साधारण पाव ते एकतृतीयांश हिश्श्याने वाढवावी लागते. ‘गरोदरपणात कसल्याच गोळ्या नकोत’ असा सल्ला देणारी वडीलधारी माणसे घरोघरी असतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण येथे तो सल्ला मानू नये. गरोदरपणीची मर्यादाही निराळी असते. २०११ साली अमेरिकन थायरॉईड असोसिएशनने पहिल्या तिमाहीसाठी २.५ ही वरची मर्यादा सुचविली होती. अनेक निरोगी स्त्रिया तीत नाहक रुग्ण ठरू लागल्या, तेव्हा २०१७ साली ती सैल करून, स्थानिक मर्यादा उपलब्ध नसल्यास साधारण ४ धरावी, असे सांगण्यात आले. तेव्हा जुने पत्रक भिंतीवर असलेल्या दवाखान्यात आणि आमच्याकडे वेगळे उत्तर मिळाले तर गोंधळू नये. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास टीएसएच नेहमीपेक्षा कमी दिसले तर तेही बहुधा गरोदरपणाच्या संप्रेरकाचा परिणाम असतो. प्रत्येक वेळी तो आजार नसतो.

आणखी एक प्रकार सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण तो कागदावर लपून राहतो. बाळंतपणात अतिरक्तस्राव होऊन एखादी भगिनी मरता मरता वाचते. नंतर तिला दूध येत नाही, पाळी परत येत नाही, वर्षानुवर्षे ती थकलेली, फिकट, थंडीने काकडलेली असते. टीएसएच तपासले तर ते ‘नॉर्मल’ येते, आणि तिला मनाचा आजार आहे असे ठरविले जाते. येथे बैल मंद आहेच, पण हाकणाराच निजला आहे. रक्तस्रावात पीयूषिका ग्रंथीची हानी झालेली असते. शीहान यांच्या नावाने हा विकार ओळखला जातो. अशा वेळी फ्री टी-४ कमी आढळते आणि हाक वाढलेली नसते. शिवाय तिला आधी स्टिरॉईडची उणीव भरून काढल्याखेरीज थायरॉईडची गोळी देणे धोक्याचे असते. आपल्या घरात, भावकीत अशी कोणी असेल तर केवळ टीएसएचच्या कागदावर समाधान मानू नका. बाळंतपणाची हकिगत डॉक्टरांना अवश्य सांगा.

गोळी घेण्याविषयी थोडे. ती सकाळी अनशेपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा अर्ध्या ते एका तासाने घ्यावा. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने घ्याव्यात, एकत्र घेतल्यास थायरॉईडची गोळी आतड्यात शोषलीच जात नाही. गरोदर स्त्रियांना तिन्ही गोळ्या एकदम दिल्या जातात आणि त्या तिन्ही एकदम गिळतात, हे मी रोज पाहतो. एकादशीला किंवा नवरात्रात ती बंद ठेवण्याचे कारण नाही. रमजानच्या महिन्यात सहेरीच्या अर्धा तास आधी किंवा रात्री झोपताना घेता येते. आपल्याकडे उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात भट्टी पेटते. बाटली खिडकीत किंवा चुलीजवळ न ठेवता घरातील सर्वांत थंड व अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावी. मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, ०.१ मिलिग्रॅम म्हणजेच १०० मायक्रोग्रॅम हे औषध घेताना पडताळावे. टी-४ शरीरात निम्मे होण्यास सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांपूर्वी पुन्हा तपासणे म्हणजे पैसे वाया घालविणे होय. तपासणीच्या दिवशी रक्त दिल्यावर गोळी घ्यावी. तपासणी शक्यतो दरवेळी सारख्याच वेळी, सकाळी करावी. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तसे प्रयोगशाळेत सांगून त्या किमान दोन दिवस आधी थांबवाव्यात, नाहीतर काही यंत्रांवर आकडे फसवे येतात आणि निरोगी माणूस अतिरेकी थायरॉईडचा रुग्ण ठरतो.

गलगंड आणि मीठ यांविषयी दोन वाक्ये पुरेत. आयोडीनयुक्त मिठाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ पासून चालू आहे, आणि घरापर्यंत पोहोचणाऱ्या मिठात दर दहा लाख भागांत किमान १५ भाग आयोडीन असावे असा दंडक आहे. सुटे खडे मीठ स्वस्त पडते म्हणून वापरू नये, एवढीच विनंती.

आता विश्वस्त मंडळाच्या व देणगीदारांच्या विचारासाठी एक विषय मांडतो. आपल्यापैकी अनेकांनी गावोगाव ‘मोफत थायरॉईड शिबिरे’ भरविण्याची इच्छा व्यक्त केली आहे. भावना स्तुत्य आहे. पण सरसकट सर्व निरोगी प्रौढांचे टीएसएच तपासण्यातून आताच सांगितलेले ५.८ वाले आजोबाच अधिक हाती लागतील, आणि शिबिर उठून गेल्यावर त्यांची दुसरी तपासणी कोण करणार, हा प्रश्न उरेल. तोच निधी नवजात बालकांकडे वळवावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.

काही बालके जन्मतःच अवटू ग्रंथीविना किंवा निकामी ग्रंथी घेऊन येतात. मुंबईत डॉ. मीना देसाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी १२,४०७ नवजात बालकांच्या रक्ताचे थेंब टिपकागदावर घेऊन तपासले. २,४८१ बालकांमागे एक, असे प्रमाण त्यांना आढळले, आणि ते निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने देशाच्या अनेक भागांत एक लाखाहून अधिक बालकांची पाहणी केली, तेव्हा हे प्रमाण त्याहूनही बरेच अधिक, सुमारे अकराशे-बाराशे बालकांमागे एक असे दिसले. जन्माच्या वेळी हे बाळ इतर बाळांसारखेच दिसते. ते फार रडत नाही, पुष्कळ झोपते, दूध ओढण्यास आळस करते, कावीळ लवकर उतरत नाही. घरची मंडळी कौतुकाने म्हणतात, किती शांत बाळ आहे! त्या शांततेतच त्याच्या मेंदूचे न भरून येणारे नुकसान होत असते. पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाला तर हेच बाळ इतर मुलांच्या बरोबरीने शाळेत जाते. वर्षभराने सुरू झाला तर बुद्धीची हानी परत मिळत नाही. उपचार म्हणजे काय, तर तीच गोळी, कुस्करून आईच्या दुधात. इतक्या स्वस्त औषधाने मतिमंदत्व टळते, असे दुसरे उदाहरण वैद्यकशास्त्रात क्वचितच सापडेल.

यासाठी टाचेतून रक्ताचे काही थेंब घ्यावे लागतात, तेही जन्मानंतर ४८ तास उलटल्यावर, कारण पहिल्या दिवशी प्रत्येकच बाळाचे टीएसएच उसळलेले असते. अडचण येथेच आहे. दुसऱ्या दिवशीच बाळंतिणीला घरी नेण्याची घाई असते. आणि अडचण यापुढेही आहे. पहिली बाळंतपणे माहेरी होतात. कागदावर पत्ता सासरचा, भ्रमणध्वनी नवऱ्याचा, बाई तिसऱ्याच गावी. आपल्या मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे तर दिवाळीनंतर सहा महिने कोठल्या कारखान्याच्या फडावर असतील याचा पत्ता नसतो. अहवाल आला, आकडा वाढलेला आहे, आणि आई सापडत नाही, अशी स्थिती झाली तर त्या तपासणीचा उपयोग काय?

म्हणून माझी मागणी यंत्रासाठी नाही. रक्ताचे कागद मोठ्या प्रयोगशाळेकडे टपालाने पाठविता येतात. मला हवी आहे ती एक व्यक्ती. प्रसूतीच्या दिवशीच माहेर, सासर, मामा, आशा कार्यकर्ती असे चार संपर्क लिहून घेणारी, आणि वाढलेला आकडा आला तर त्याच दिवशी दूरध्वनी करून, न लागल्यास गाडीत बसून त्या घराच्या दारात उभी राहणारी. तिचे मानधन, प्रवासखर्च, आणि पक्के निदान होण्यासाठी लागणाऱ्या दुसऱ्या रक्ततपासणीचा खर्च एवढ्यासाठी स्वतंत्र निधी असावा, असा प्रस्ताव मी मंडळासमोर ठेवीत आहे. प्रसूतीनंतर बाळंतिणीला दोन रात्री विनामूल्य ठेवून घेण्याची सोयही त्यात असावी, म्हणजे ४८ तासांची अट आपोआप पाळली जाईल.

उपस्थित भगिनींना एक विनंती. आपल्याकडील जुने अहवाल फाडू नका. तारखेनुसार एका पिशवीत ठेवा आणि प्रत्येक वेळी सोबत आणा. एका आकड्यापेक्षा तीन वर्षांचे पाच आकडे आम्हांला कितीतरी अधिक सांगतात. ज्यांनी आज कागद आणले आहेत त्यांनी चहापानानंतर बाजूच्या खोलीत यावे. मी व आमच्या परिचारिका भगिनी शेवटचा कागद पाहून होईपर्यंत तेथेच आहोत. नांदेडकडे जाणाऱ्या गाडीची वेळ ज्यांना गाठावयाची आहे त्यांना प्रथम बोलावू.